टिल्डन कोर्टच्या वतीने

नियम क्रमांक चार डेल्फीन हॅकेटने स्वतः लिहिला होता आणि लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता, केंड्रेल व्हॉस. वॉशिंग्टनमधल्या एका इस्पितळात जन्मला, सहाव्या वर्षी आईबापांबरोबर लॉस एंजेलिसला गेला, तिथेच गायला लागला आणि तिथेच मोठा झाला. आता त्याच्या गाण्यांवर निम्मं जग नाचत होतं. मुलाखतीत कोणी विचारलं की तो छातीवर हात ठेवून सांगायचा, मी वॉशिंग्टनचा. पण वॉशिंग्टनचं खास ठेक्याचं संगीत, गो-गो, कधी वाजवलंयस का, हे मात्र त्याला कोणी विचारत नसे.

ग्रंथालयासमोरच्या फुटपाथवर बारा पितळी पाट्या बसणार होत्या. प्रत्येक पाटीवर एका कलावंताचं नाव, त्याखाली वाद्य, त्याखाली वस्ती. नावं ठरवायला पाच जणांची समिती होती आणि समितीत डेल्फीनकडे पडताळणीचं काम होतं. एकतीस वर्षं तिने एका दैनिकाच्या संपादन विभागात लोकांनी लिहिलेलं तपासण्यात घालवली होती. वय, तारीख, पत्ता, आडनाव. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी चर्चच्या पत्रकात चुकीची तारीख दिसली की तिचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा.

नियम असा होता: पाटीवर ज्याचं नाव येईल त्याने शहराच्या हद्दीत किमान दहा वर्षं वास्तव्य केलेलं असावं. बैठकीत त्यावर कोणी वाद घातला नाही. फक्त टेरेन्स बोल्डनने तो दोनदा वाचला, चष्म्यावरून डेल्फीनकडे पाहिलं आणि सही केली. बोल्डनचा घरं विकण्याचा धंदा होता. त्याला व्हॉस हवा होता, कारण व्हॉस अनावरणाला आला असता तर सबंध रस्ता माणसांनी भरला असता. आपल्याला डावललंय हे त्याला कळलं होतं. कसं, ते सिद्ध करता येत नव्हतं.

तीन बैठकांत अकरा नावं ठरली. बारावं नाव डेल्फीनने सुचवलं: लॉनेल गॅस्किन्स, डबल शिफ्ट या गो-गो बँडमध्ये कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल, वाजवणारा. कोणाचीच हरकत नव्हती. टिल्डन कोर्ट या सरकारी वस्तीतला लॉनेल म्हटलं की पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या बोटांना चाळा लागायचा. नुसता कागद पुरा करायचा म्हणून डेल्फीन त्याचा पत्ता शोधायला बसली आणि तिथे गाडी अडली.

शहराच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत तो नव्हता. मतदारयादीत नव्हता. टिल्डन कोर्टच्या भाडेकरूंची यादी गृहनिर्माण खात्याच्या दप्तरात मिळाली, त्यातही गॅस्किन्स आडनावाचं कोणी नव्हतं. शेवटी सहज म्हणून तिने शेजारच्या मेरीलँड राज्याची डिरेक्टरी उघडली, तर तिथे तो होता. शहराच्या हद्दीवरच्या सदर्न अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे, सूटलंडमध्ये, लार्चफील्ड अपार्टमेंट्स, दुसरा मजला. १९७४ च्या डिरेक्टरीत तोच पत्ता, १९८९ च्या डिरेक्टरीत तोच.

तिने फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, तिकडे राहायला जाऊन किती वर्षं झाली.

"त्रेपन्न," तो म्हणाला. "कॅरोलिनाहून आलो तो थेट इथेच उतरलो. का हो?"

तिने, सांगते नंतर, म्हणून फोन ठेवला.

गॅस्किन्स शहरात एक दिवसही राहिला नव्हता. रस्ता ओलांडून यायचा, वाजवायचा, रस्ता ओलांडून परत जायचा. वास्तव्य: शून्य वर्षं. तिचाच नियम, तिचाच माणूस.

पण आता तिला नियमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने पछाडलं. तो जर टिल्डन कोर्टचा नव्हता, तर सबंध शहराला तो तिथला का वाटत होता? तिने चार जणांना विचारलं. एक न्हावी, एक बसचालक, तिची स्वतःची धाकटी बहीण आणि समितीतली इव्हेट क्रम्प. इव्हेटच्या वडिलांचा क्लब होता आणि तिने डबल शिफ्टला लहानपणापासून ऐकलं होतं. चौघांनी शब्द बदलून एकच उत्तर दिलं, की कॅसेटमध्ये ऐकू येतं ना. बहिणीने वर टोमणाही मारला, की तू तेव्हा पेपरातली वाक्यं सरळ करत बसायचीस, तुला काय माहीत.

गो-गो गाण्यापाशी थांबत नाही. एक गाणं संपतं, पण कोंगा आणि ड्रम चालूच राहतात आणि त्या ठेक्यावर मुख्य गायक वस्त्यांची नावं घेत हाळी देतो. अमकी वस्ती आली आहे का? त्या वस्तीची पोरं हॉलमधून ओरडून ओ देतात. मग पुढची वस्ती. हे सगळं ध्वनियंत्रणेतून थेट कॅसेटवर उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या कॅसेट दुकानांत आणि गाड्यांच्या डिकीत विकायला यायच्या. ज्याने घेतली तो आधी आपल्या वस्तीचं नाव शोधायचा, गाणी मागाहून.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर अशा दोनशेवर कॅसेट होत्या. डेल्फीनने डबल शिफ्टच्या तेवढ्या बाजूला काढल्या आणि रोज सकाळी दहाला कानाला हेडफोन लावून बसायला लागली. वहीत तीन रकाने पाडले: तारीख, वस्ती, उत्तर. पहिल्या दोन दिवसांत काही हाती लागलं नाही. सायलस बून, बँडचा हाळी देणारा, वस्त्या नेहमी एकाच क्रमाने घ्यायचा. नदीपासून सुरू करून टेकडीकडे, जसा बसचा मार्ग. माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती, आवाज अजून खणखणीत होता.

तिसऱ्या दिवशी तिला दिसलं. दिसलं म्हणजे रकान्यात दिसलं. १९८६ च्या उन्हाळ्यापर्यंत टिल्डन कोर्टच्या हाळीला माणसं ओरडून उत्तर देत होती, इतर वस्त्यांसारखीच. ऑक्टोबरातल्या एका कॅसेटवर सायलसने टिल्डन कोर्ट म्हटलं आणि काहीच आलं नाही. ठेका चालू, हॉल गप्प. सायलसने पुन्हा विचारलं, पुन्हा काही नाही. मग घाईघाईने पुढची वस्ती. त्यानंतरच्या आठवड्यापासून पुढची सतरा वर्षं, प्रत्येक कॅसेटवर, टिल्डन कोर्ट म्हटल्याबरोबर कोंगा उत्तर देत होता.

म्हणून शहराचा समज झाला होता. ओ देतो तो तिथला, यापलीकडे कोणी विचार करण्याचं कारण नव्हतं. आणि १९८६ च्या सप्टेंबरात टिल्डन कोर्ट पाडलं गेलं होतं, हे डेल्फीनला दप्तरातून माहीत झालं होतं. वस्ती नाहीशी झाल्यावर तिच्या वतीने बोलणारा हा मेरीलँडचा माणूस कोण?

शनिवारी दुपारी ती लार्चफील्डला गेली. गॅस्किन्सने दार उघडलं. उंच, किडकिडीत, दोन्ही गुडघ्यांवर पट्टे. बैठकीच्या खोलीत कोंगे जुन्या चादरीखाली झाकलेले होते आणि टेबलावर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले कोंबडीचे तळलेले पंख, त्यावर लाल, आंबटगोड मंबो सॉस ओतलेला.

"मिस डेल्फीन, आधी खा," तो म्हणाला. "तुम्ही पेपरवाले रिकाम्या पोटी आलात की माणसाचं काहीच शिल्लक ठेवत नाही."

ती म्हणाली की ती पेपरात बातम्या लिहीत नव्हती, दुसऱ्यांच्या तपासत होती. तो म्हणाला, मग तर फारच वाईट.

खाऊन झाल्यावर तिने वही उघडली आणि ऑक्टोबरातल्या त्या रात्रीबद्दल विचारलं. त्याने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

टिल्डन कोर्ट पाडलं तेव्हा तिथल्या माणसांना खात्याने भाड्याच्या मदतीच्या चिठ्ठ्या दिल्या, की भाडं परवडेल तिथे जा. भाडं परवडत होतं ते रस्त्याच्या या बाजूला. लार्चफील्डमध्ये पंधरा कुटुंबं आली. तळमजल्यावर मिस रूबी सॅटरव्हाइट आली, तीन मुलगे घेऊन. मुलगे डबल शिफ्टच्या एकाही कार्यक्रमाला न चुकणारे. पण शहरातून या बाजूला परतणारी शेवटची बस अकराला निघायची, आणि अकराला तर बँड नीट सुरूही झालेला नसायचा. त्यामुळे पोरं जायची बंद झाली. गॅस्किन्सकडे गाडी होती, ती वाद्यांनी भरलेली.

"मग ती रात्र आली," तो म्हणाला. "सायलसला यादी तोंडपाठ होती, मधलं एक नाव गाळायचं म्हटलं तर पुढचं आठवायचं नाही. त्याने आपली हाळी दिली. आणि हॉलमध्ये अशी शांतता, की मला माझ्याच हातांची लाज वाटली. पण मी काही केलं नाही. मी कोण? मी वाजवत राहिलो."

दुसऱ्या दिवशी कॅसेट आली. मुलांनी विकत घेतली, आणि मिस रूबीने आपल्या वस्तीचं नाव यायची वाट बघत ती ऐकली. संध्याकाळी ती दोन जिने चढून वर आली. गॅस्किन्सने दार उघडलं तर ती धापा टाकत उभी.

"म्हणाली, काल टिल्डन कोर्टला हाक मारली आणि कोणीच ओ दिली नाही. तू तिथे होतास ना? तुला काय हात नव्हते?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मिस रूबी, मी टिल्डन कोर्टचा नाही. तर म्हणाली, आता आम्ही तरी कुठे आहोत."

त्यानंतर तो दर कार्यक्रमात उत्तर द्यायला लागला. दुसऱ्या दिवशी खाली कॅसेट लागायची, आणि त्या जागेवर आलं की तळमजल्यावरून छताला झाडूच्या दांड्याचे दोन ठोके पडायचे. मधल्या मजल्यावरचे लोक वैतागायचे. मिस रूबी १९९८ साली गेली. पण सायलसने यादी बदलली नाही, म्हणून यानेही उत्तर बदललं नाही. मी तिथला आहे असं आपण कधीच कोणाला सांगितलं नाही, तो म्हणाला. कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.

डेल्फीनने वही मिटली आणि त्याला नियम क्रमांक चार वाचून दाखवला. कोणी लिहिला तेही सांगितलं.

तो हसला नाही. "एक विनंती आहे, मिस डेल्फीन. मला पाटीबिटीची हौस नाही, असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. लोक तसं म्हणतात, बरं दिसतं. मला ती हवी आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे मी. आतापर्यंत पोस्टरवर नाव आलं ते 'आणि इतर' मध्ये."

परत येताना तिने गाडी सदर्न अ‍ॅव्हेन्यूवर बाजूला घेतली आणि दहा मिनिटं थांबली. रस्ता चार पदरी होता. या अंगाला एक केशकर्तनालय, त्या अंगाला दुसरं. शहर कुठे संपतं ते सांगणारी एक छोटी पाटी, तीही झाडाआड.

इव्हेटला तिने फोनवर सगळं सांगितलं. इव्हेटचा सल्ला सरळ होता: टिल्डन कोर्ट लिहून टाक. इमारती नाहीत, निम्मी दप्तरं पावसाने गेली, तक्रार करायला कोण येतंय? सगळं गाव तसंच मानतं, मग पाटीने वेगळं कशाला म्हणायचं? डेल्फीनने हा सल्ला ऐकला आणि तिच्या लक्षात आलं की आपण तो ताबडतोब धुडकावलेला नाही. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. सकाळी उठून तिने अहवाल टाइप केला.

चौथी बैठक मंगळवारी सकाळी ग्रंथालयाच्या तळघरात झाली. अध्यक्ष रेव्हरंड अमोस टॉलिव्हर, बोल्डन, इव्हेट, शाळेतले संगीतशिक्षक प्रेंटिस ओकली आणि डेल्फीन. तिने अहवाल वाचला. शहराच्या हद्दीतलं वास्तव्य, शून्य वर्षं.

बोल्डन खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, मग प्रश्नच मिटला, नियम आपल्या सर्वांच्या सहीचा आहे.

डेल्फीन म्हणाली की तो नियम तिने केंड्रेल व्हॉसला बाहेर ठेवण्यासाठी लिहिला होता, शहरासाठी नव्हे. तो रद्द करावा, अशी तिची सूचना आहे.

"म्हणजे माझा माणूस अडकला तेव्हा कुंपण, आणि तुझा अडकला की फाटक?" बोल्डन म्हणाला.

"दोघांनाही फाटक. व्हॉसचंही नाव मतदानाला घ्या."

"आणि हे तू आत्ता जे कबूल केलंस, ते इतिवृत्तात येणार?"

"इतिवृत्त मीच लिहितेय, टेरेन्स. आलंय."

नियम रद्द झाला. मग ती दोन कॅसेट लावायला उठली. पहिल्या कॅसेटवर ती शांतता होती. तळघरात ती हॉलपेक्षा जास्त लांबली. दुसऱ्या कॅसेटवर सायलसची हाळी आणि कोंगा. ओकलींनी ती जागा पुन्हा लावायला सांगितली, मग आणखी एकदा. त्यांचं म्हणणं असं की हा माणूस तिथे ठेका सोडतोय. एकट्याने जोरदार उत्तर देणं सोपं होतं, तसं तो करत नाही. थाप एकदम पडत नाही, मागेपुढे पडते, एक भारी, दोन हलक्या, एक उशिरा. पुष्कळ माणसं एका वेळी ओरडली की जसं विस्कळीत ऐकू येतं, तसं तो दोन हातांनी करतोय. वीस वर्षं मी ही कॅसेट मुलांना ऐकवतोय, ओकली म्हणाले, आणि आजवर मी त्याला चूक समजत होतो.

मग बोल्डन बोलला, आणि डेल्फीनला मान्य करावं लागलं की तो चांगलं बोलला. सहा वर्षांच्या पोराने शहर सोडायचं ठरवलं नव्हतं, तो म्हणाला. त्याच्या आईबापांनाही इथलं भाडं झेपत नव्हतं. टिल्डन कोर्टच्या लोकांना मैलभर ढकललं, त्याला तीन हजार मैल. ती माणसं शहराची, मग तो का नाही? अंतर जास्त पडलं म्हणून?

डेल्फीनने ते सगळं शब्द न् शब्द इतिवृत्तात उतरवले, एकही वाक्य न कापता. पेपरात असताना तिने ते अर्धं केलं असतं.

मतदान हात वर करून झालं. बोल्डनचा हात व्हॉससाठी. इव्हेटचाही व्हॉससाठी. तिने डेल्फीनकडे न बघता सांगितलं की लॉनेल तिला प्रिय आहे, पण वडिलांच्या क्लबचं कर्ज पितळी पाटीने कधी फिटलं नाही, गर्दीने फिटलं. ओकली आणि डेल्फीन गॅस्किन्ससाठी. रेव्हरंड टॉलिव्हर राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला.

"मी इथे अठ्ठेचाळीस वर्षं लोकांना पुरतोय," ते म्हणाले. "पूर्वी अंत्ययात्रेला माणसं चालत यायची. आता माझ्या निम्म्या मंडळींच्या गाड्यांना मेरीलँडच्या नंबरप्लेटा आहेत. रविवारी मी त्यांना वेगळं बसवत नाही." मग म्हणाले, "गॅस्किन्स," आणि फाइल बंद केली.

बोल्डनची एक सूचना उरली होती. यापुढे पडताळणीचं काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं. सूचना एकमताने मंजूर झाली. डेल्फीनचाही हात वर होता. फक्त पाट्यांचा मजकूर कारखान्याला पाठवेपर्यंत ते तिच्याकडे राहिलं.

दुपारी तिने गॅस्किन्सला फोन केला. त्याने विचारलं, नक्की ना. ती म्हणाली, नक्की, तीन विरुद्ध दोन. तो म्हणाला, दोन कोण, ते सांगू नका, अजून इव्हेटच्या वडिलांच्या क्लबात माझी एक खुर्ची पडली आहे.

मग तिने वस्तीचं विचारलं. अकरा जणांच्या वस्त्या लिहून झाल्या होत्या, त्याची जागा रिकामी होती. समितीत कोणीतरी टिल्डन कोर्ट सुचवलंय, हेही तिने सांगितलं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला वाटणं महत्त्वाचं नाही. मी विचारतेय, तुम्ही सांगायचं."

मागे कुठेतरी दूरदर्शन संच चालू होता, तो त्याने बंद केला.

"टिल्डन कोर्ट नको," तो म्हणाला. "ते त्यांचं. मी फक्त ओ देत होतो. आणि मी जिथून निघून यायचो ती जागाही कुठेतरी लिहिलेली असू दे. सूटलंड लिहा."

तिने लिहिलं. लॉनेल गॅस्किन्स. कोंगा. सूटलंड, मेरीलँड.

नऊ दिवसांनी पाट्या ओतणाऱ्या कारखान्यातून एका माणसाचा फोन आला. आवाजावरून तरुण नव्हता, आणि आपलं काम नीट करणारा वाटला. म्हणाला की साचा पाडण्याआधी एकदा विचारून घ्यावं म्हटलं. अकरा पाट्यांवर वॉशिंग्टनच्या वस्त्या आहेत आणि बाराव्या पाटीवर दुसऱ्याच राज्याचं नाव आहे. पितळ आहे, एकदा ओतलं की खोडता येत नाही. काही चूक तर झालेली नाही ना?

"नाही," डेल्फीन म्हणाली. "तपासलेलं आहे."

"ठीक. मग मेरीलँडची अक्षरं लहान करू? बाकीच्यांत वेगळी दिसायला नकोत."

"सगळ्यांच्या मापाचीच ठेवा," ती म्हणाली.